रेकॉर्ड रूममधून एक कॉमिक

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात हार्वी पीकार नावाचा एक फाइल क्लार्क होता. १९६०च्या दशकात तो तिथं चिकटला आणि २००१ मध्ये त्याच नोकरीतून निवृत्त झाला. बढती मिळत असतानाही त्यानं घेतली नाही. १९७६ पासून तो 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाचं कॉमिक पदरमोड करून छापायचा, साधारण वर्षाला एक अंक. त्यात ना वेताळ, ना जादूगार. दुकानातली बिलाची रांग, ऑफिसातली वादावादी, जॅझच्या जुन्या रेकॉर्डी, घटस्फोटानंतरचं रिकामं घर, एवढाच ऐवज. आणि चित्रं? ती पीकारला काढताच यायची नाहीत.

त्याच्यावर त्याच नावाचा चित्रपट २००३ मध्ये आला. शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुलचीनी या जोडीनं तो केला. पॉल जियामाटी पीकार झालाय. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्या वर्षी कथाचित्रपटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, कान महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मिरजेत एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे, डिस्चार्ज झालेले केसपेपर क्रमानं लावते, मागितले की काढून देते. भाचीनं एका रविवारी लॅपटॉपवर चित्रपट लावून दिला आणि म्हणाली, "मावशी, बघ, यात तुझंच खातं आहे."

खातं खरोखर माझंच होतं. छतापर्यंतचे रॅक, ढकलगाडी, फाइलीचा नंबर पुटपुटत चालणारा माणूस. पण ओळखीचं दिसलं म्हणून मी अडकले नाही. त्या चित्रपटात एक गोष्ट सारखी होत राहते. जियामाटी पीकारचं काम करत असतो आणि मध्येच खरा पीकार पडद्यावर येतो, पांढऱ्याशुभ्र मोकळ्या स्टुडिओत खुर्चीवर बसून बोलतो. त्याची बायको जॉइस ब्रॅबनर येते. हॉस्पिटलातला त्याचा सहकारी टोबी रॅडलॉफ येतो. एका ठिकाणी खरा पीकार आणि खरा टोबी जेली बीन्सच्या गोळ्यांवर गंभीरपणे चर्चा करताहेत आणि मागं, थोड्या अंतरावर, त्यांची कामं करणारे दोघं नट खुर्च्यांत बसून ते ऐकताहेत. हे दृश्य मी तिथल्या तिथं पुन्हा लावून बघितलं. गोळ्यांच्या चवीवर दोन माणसं बोलतात, त्यातून काही घडत नाही, तरी नजर हलत नाही. आमच्याकडं दुपारच्या डब्याला असंच बोलणं रोज होतं. ते कुठंतरी राहायला हवं असं मला फार वर्षांपासून वाटत होतं, पण कथा लिहायला बसले की त्याला शेवट लागायचा, आणि शेवट लावला की ते बोलणं खोटं वाटायचं.

दुसरा प्रसंग हॉटेलातला. पीकार रॉबर्ट क्रम्बला आपली पानं दाखवतो. क्रम्ब तोवर नामांकित चित्रकार झालेला. दोघांची ओळख १९६२ची, क्रम्ब क्लीव्हलंडमध्ये शुभेच्छापत्रांच्या कंपनीत कामाला होता तेव्हाची, आणि दोस्ती जुन्या रेकॉर्डींमुळं. पीकारच्या पानांवर चौकोन आखलेले, त्यात काड्यांची माणसं आणि डोक्यावर संवाद. क्रम्ब वाचतो आणि म्हणतो, हे मी घरी नेऊन काढू का? प्रत्यक्षातही साधारण असंच झालं. पीकारची पहिली छापील गोष्ट १९७२ मध्ये क्रम्बच्या एका अंकाच्या मागच्या कव्हरवर आली.

म्हणजे काड्यांची माणसं चालतात. एवढं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी येताना दोनशे पानी वही आणि पट्टी आणली.

मराठीत लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा अशी जोडी आपल्याला अगदीच नवी नाही. 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायला लागला, तो प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या दोघांचा. पण दिवाळी अंकांतली हास्यचित्रं बघत वाढलेल्या माझ्यासारखीच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की कल्पना सुचणारा आणि ब्रश धरणारा हात एकच असतो. त्यामुळं चित्रकाराला "तुम्ही काढा, मी लिहिते" म्हणायला जीभ रेटत नाही. वहीनं ती अडचण सोडवली. वही समोर ठेवली की बोलावं लागत नाही.

पहिले काही आठवडे मी फक्त चौकोन भरले. पान आडवं तीन आणि उभं दोन असं सहा चौकटींत आखायचं. एका चौकटीत एकच घडणं. कोण कुठं उभं आहे ते काडीनं दाखवायचं, बोलणं वर लिहायचं, खिडकी-दार-टेबल कंसात शब्दांनी. हे करताना लिहिण्याची सवयच बदलली. गोष्ट लिहिताना मी "तो बराच वेळ गप्प बसला" असं एक वाक्य लिहून पुढं जायचे. कॉमिकमध्ये त्या गप्प बसण्याला जागा द्यावी लागते. एक चौकट द्यायची की तीन? तीन दिल्या तर पान अर्धं संपलं. मग आधीचं बोलणं कापायचं. पीकारच्या गोष्टींत, मला जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांत, या रिकाम्या चौकटी फार जपून ठेवलेल्या आहेत: माणूस नुसता चालतोय, खिडकीतून बघतोय, पुन्हा चालतोय. लेखकानं तिथं काही लिहिलेलं नाही, पण तो थांबा त्याचाच आहे. मला वाटतं कॉमिक लिहिणाऱ्याचं निम्मं काम हेच आहे.

विषयाबद्दल मी सुरुवातीलाच एक नियम करून घेतला. केसपेपरमधलं काही, म्हणजे काहीही, कॉमिकमध्ये येणार नाही. पेशंटचं नाव, गाव, आजार, वय, सगळं बदलायचं, आणि बदलूनही ओळखू येत असेल तर ती गोष्टच सोडायची. आमच्या साहेबांना मी हे आधी जाऊन सांगितलं. त्यांनी हॉस्पिटलचं नाव आणि पाटी दिसू नये एवढी अट घातली. खाली सांगतेय त्या गोष्टीतले तपशीलही बदललेलेच आहेत.

ती गोष्ट अशी. एक म्हातारबाबा खिडकीशी येतात. बायकोचं ऑपरेशन पूर्वी आमच्याकडं झालेलं, आता दुसऱ्या गावचा डॉक्टर विचारतोय की नक्की काय काढलं होतं आणि कधी. कागद त्यांच्याकडं नाहीत. आता नियम असा आहे की भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे, आणि पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे. पोलीस केसचे कागद आम्ही त्याहून पुष्कळ जास्त ठेवतो. बाबांची केस इतकी जुनी की गठ्ठा केव्हाच निकाली निघालेला. पण वॉर्डांची जाडी रजिस्टरं आम्ही काढलेली नाहीत. "वरीस कुठलं?" विचारलं तर बाबा म्हणतात, "थोरल्या पोरीचं लगीन झालं त्याच्या फुडच्या साली." मग पोरीचं लग्न कधी, तर दुष्काळ पडला त्या साली. असं करत करत वर्ष सापडतं, रजिस्टर सापडतं, त्यात एक ओळ सापडते. नाव, वय, वॉर्ड, ऑपरेशन, डिस्चार्जची तारीख. मी चिठ्ठीवर उतरवून देते. बाबा चिठ्ठी टोपीत घालतात आणि विचारतात, "बाई, कँटीन कुठं हाय?"

संपली गोष्ट. सहा पानं.

चित्रकार शोधायला फार फिरावं लागलं नाही. आमच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. शेकडो मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलेले, निसर्गचित्रात हात मुरलेला. त्यांनी वही शांतपणे बघितली, काड्यांच्या माणसांवर हसले नाहीत, आणि म्हणाले, "ठेवून जा." पंधरवड्यानं पेन्सिलीची पानं दाखवली. रेकॉर्ड रूम बघायला ते मुद्दाम हॉस्पिटलात येऊन गेले होते. रॅकचे गंजलेले कोपरे, गठ्ठ्यांच्या सुटलेल्या नाड्या, वरच्या कप्प्यापर्यंत जायचा डगमगता स्टूल, सगळं हुबेहूब होतं. बाबांचा चेहरा तर असा की मिरज-जत एसटीत समोरच्या सीटवर बसलेला वाटावा.

फक्त शेवटच्या चौकटीत सरांनी बाबांच्या डोळ्यात पाणी काढलं होतं आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर. कँटीन गेलं होतं.

आमची यावर बरीच चर्चा झाली. सरांचं म्हणणं, वाचणाऱ्याला काहीतरी हाती लागायला नको का? बाबा एवढ्या लांबून आले, बायकोसाठी आले, आणि शेवटी कँटीन विचारतात, हे कोरडं वाटेल. मी म्हटलं, सर, सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस दुपारी दोन वाजता काम झाल्यावर पहिलं काय विचारेल? भूक लागली असेल त्यांना. काम झालं म्हणून तर भूक आठवली. यात माया आहेच, ती डोळ्यात पाणी काढून दाखवली की बाबांची राहत नाही, आपली होते. सर काही बोलले नाहीत. नंतर मी त्यांना चित्रपटातला रांगेचा प्रसंग दाखवला. दुकानात पीकारच्या पुढं एक म्हातारी पैशांवरून घासाघीस करतेय, रांग खोळंबलीय, याचा जीव वर-खाली होतोय. क्रम्बनं ती गोष्ट कॉमिकमध्ये काढली होती. तिथं पीकार शहाणा दिसत नाही, म्हातारी प्रेमळ दिसत नाही, आणि तरी दोघंही आपल्याला लागून राहतात. सरांनी शेवटची चौकट पुन्हा काढली. यावेळी बाबा पाठमोरे, मी खिडकीतून हात बाहेर काढून कँटीनची दिशा दाखवतेय. त्या हाताच्या बोटाला शाईचा डाग आहे. तो सरांनी आपणहून घातला, आणि अख्ख्या अंकात माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच आहे.

पीकारनं एकच चित्रकार कधी धरला नाही. क्रम्ब होता, क्लीव्हलंडचाच गॅरी डम होता, फ्रँक स्टॅक होता, पुढं जो सॅको होता. प्रत्येकाचा पीकार वेगळा. चित्रपटात यावर एक सुरेख प्रसंग आहे: जॉइस त्याला पहिल्यांदा भेटायला येते, तोवर तिनं त्याला फक्त कॉमिकमध्ये बघितलेला, आणि आता समोर यातला नेमका कुठला पीकार उभा राहणार याची तिला धास्ती. म्हणून मीही दुसरी गोष्ट दुसऱ्याला दिली. सांगलीत फ्लेक्स डिझाइन करणारा एक मुलगा आहे, पेन टॅब्लेटवर काढतो. वाढदिवसाचे बोर्ड करून करून त्याला माणसांचे चेहरे झटक्यात येतात. त्यानं माझी डब्याच्या वेळची गोष्ट घेतली. सरांच्या पानांत मी थकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, खांदे थोडे वाकलेले. या मुलाच्या पानांत मी ताठ, भुवया चढवलेली, बोलताना पोळीचा तुकडा हवेत धरलेला. दोन्ही गोष्टी अंकात शेजारी ठेवल्या. माझ्या बहिणीला पहिली पटली, ऑफिसात सगळ्यांना दुसरी. मला वाटतं, स्वतःबद्दल लिहिणाऱ्यानं हे एकदा तरी करून घ्यावं. आपण स्वतःला ज्या नजरेनं बघतो तिच्यापासून सुटका होते.

संवाद ज्यात लिहितात त्या फुग्यांचं काम मात्र वेगळंच निघालं. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक सगळं मोठ्या लिपीत असतं, अक्षरं एका उंचीची, ओळीवर ओळ चिकटून बसते. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. त्यामुळं तेवढ्याच फुग्यात आपल्या ओळी कमी मावतात. सरांनी पहिली दोन पानं हातानं लिहिली, सुंदर लिहिली, पण वळणदार अक्षरात "वरीस कुठलं?" हा खिडकीतला रोखठोक प्रश्न फार सभ्य वाटायला लागला. फ्लेक्सवाल्या मुलानं सरांच्याच अक्षरावरून जरा जाड, कमी वळणाचं अक्षर केलं आणि दोन्ही गोष्टींना तेच वापरलं. मी संवाद पुन्हा कापले. एका फुग्यात तीन ओळी, फार तर चार. याचा फायदाच झाला. बाबा तसेही कमी बोलत होते.

छापायच्या आधी झेरॉक्स काढून मी पानं खात्यात फिरवली. दोन कारणं होती. एक म्हणजे ज्यांच्यावर लिहिलंय त्यांनी आधी बघायला हवं. पीकारनं सहकाऱ्यांबद्दल मोकळेपणानं लिहिलं आणि टोबीसारखा माणूस त्यामुळं लोकांना ठाऊक झाला, त्याला ते आवडलंही. पण आमचं खातं लहान आहे, मिरज लहान आहे. एका सहकाऱ्यानं कर्जाचं बोलणं वगळायला सांगितलं, मी वगळलं. तिथं आता कांद्याच्या भावावर बोलणं आहे, तेही त्याच दिवशीचं आणि खरंच.

दुसरं कारण, वाचता येतंय का ते बघायचं होतं. आणि इथं सर्वांत मोलाचं काही कळालं ते आमच्या सफाईच्या मावशींकडून. त्या सातवी शिकलेल्या, पेपर रोज वाचतात. त्यांनी पान हातात घेतलं आणि डावीकडची वरची चौकट वाचून सरळ तिच्या खालची वाचली. मग उजवीकडं वर. पेपरचे रकाने असेच वाचायचे असतात, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण बाबांनी प्रश्न विचारायच्या आधीच मी उत्तर देत होते. लहानपणी कॉमिक वाचलेल्यांना आडवं जायचं हे न सांगता कळतं, बाकीच्यांना कसं कळावं? आम्ही सगळी पानं पुन्हा मांडली. शेजारच्या चौकटींमधली जागा अगदी बारीक ठेवली, वरच्या आणि खालच्या ओळीमधली जागा रुंद केली. काही फुग्यांची शेपटी किंवा कड शेजारच्या चौकटीत थोडी जाऊ दिली, म्हणजे डोळा आपोआप उजवीकडं सरकतो. मावशींना नवं पान दिलं. त्यांनी एका दमात शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "मग जेवला का त्यो?"

मी सरांना हा प्रश्न फोन करून सांगितला.

छपाईचं थोडक्यात सांगते, कारण पुष्कळजण तिथं घाबरून थांबतात. मधोमध पिन मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. आम्ही कव्हर धरून सोळा केली. रंग नाही. आतला कागद ऐंशी जीएसएमचा साधा मॅपलिथो, कव्हरला जरा जाड. ऑफसेटला प्लेटचा खर्च प्रती कितीही काढा तेवढाच येतो, त्यामुळं हजाराच्या खाली ते परवडत नाही. आम्हाला शंभर प्रती हव्या होत्या, म्हणून डिजिटल. सरांची शाईची पानं सहाशे डीपीआयवर स्कॅन केली, म्हणजे बारीक रेघ तुटत नाही. पानाच्या कडेला तीन मिलिमीटर जास्त चित्र सोडायचं, कापताना पांढरी पट्टी दिसू नये म्हणून. हे सगळं प्रेसवाल्यानं समजावून सांगितलं, तेही कॉमिक वाचत वाचत.

अंकाची किंमत चाळीस रुपये ठेवली. चाळीसेक प्रती हॉस्पिटलातच गेल्या, काही कँटीनच्या काउंटरवरून. कँटीनवाल्यानं आपलं नाव अंकात आलंय असं समजून तो काउंटरवर ठेवला, आणि वाचल्यावरही काढला नाही. एका डॉक्टरांनी दहा प्रती घेतल्या आणि ओपीडीबाहेरच्या बाकांवर ठेवल्या. तिथं वाट बघणारे लोक तो चाळतात. मी येता-जाता बघते. कुणी बाबांच्या पानावर थांबतं, कुणी चित्रं बघून खाली ठेवतं.

चित्रपट मी नंतर पुन्हा बघितला, यावेळी कामासाठी. शेवटाकडं पीकारला कॅन्सर होतो. खऱ्या आयुष्यात त्या वर्षावर त्यानं आणि जॉइसनं मिळून पुस्तक लिहिलं, फ्रँक स्टॅकनं त्याची चित्रं काढली, १९९४ मध्ये ते आलं. आजारपणाचा तो भाग चित्रपटात लवकर आटोपतो, त्याला जास्त वेळ द्यायला हवा होता असं माझं मत आहे. हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला पेशंट म्हणून तिथं जाणं काय असतं हे मला बघायचं होतं. पण सर्वांत शेवटी जे येतं ते मी तीनदा मागं नेऊन बघितलं: हॉस्पिटलमधला निरोप समारंभ. तिथं जियामाटी नाही. खरा पीकार, खरी माणसं, खरा केक.

आमच्या खात्यातले मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. वॉर्डातून केसपेपर गोळा करून आणणारे ते, तीस वर्षं हेच काम. दुसरा अंक त्यांच्यावर आहे. आठ पानं सर काढताहेत, आठ तो मुलगा. वही भरत आलीय. निरोप समारंभाचं पान मी अजून आखलेलं नाही, ते समारंभ झाल्यावरच. मामांनी पानं बघून एकच अट घातली आहे की त्यांची सायकल हिरवी दाखवायची. अंक काळा-पांढरा आहे, त्यामुळं ती हिरवी असल्याचं कुणाच्या तरी तोंडी घालावं लागणार. बहुतेक मावशींच्या.